थंड कॉईल

इंजिनाला हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला दोन व्हॉल्व्ह असतात. ते उघडायचं काम कॅमशाफ्ट नावाचा एक लोखंडी दांडा करतो. पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे करतोय बिचारा. आम्हाला मात्र शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी त्यालाच घरी बसवायची बुद्धी झाली. कॅमशाफ्ट काढून टाकायचा आणि व्हॉल्व्ह विजेवर उघडायचे. कल्पना कोणाची? माझीच. दुसऱ्या कोणाला शिव्या घालायचीही सोय नाही.

त्यात माझं आधीच एक वर्ष गेलेलं. कावीळ झाली, दोन महिने अंथरुणात गेले, प्रोजेक्ट अर्धवट राहिला आणि सगळं वर्षच बुडालं. या खेपेला तळेगावच्या एका कंपनीनं ट्रेनी म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, पण जूनमध्ये पासाची मार्कशीट हातात पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. घरी सुदुंबऱ्यात वडील कंत्राटावर कामाला. ते तोंडानं काही बोलायचे नाहीत, पण मी घरात शिरले की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. त्या बघण्याचाच मला फार थकवा यायचा.

प्रोजेक्टला आम्ही दोघं, मी आणि चिंचवडचा एक जोडीदार. मुलगा हुशार, पण धीर अजिबात नाही. भंगारातून मोटारसायकलचं जुनं इंजिन आणलं. डोक्यावर दोन गोल झाकणं असतात, ती काढली की खाली व्हॉल्व्हची टोकं दिसतात. त्या भोकांवर आम्ही दोन कॉईल बसवल्या. कॉईलमध्ये वीज सोडली की आतली दांडी खाली येते, व्हॉल्व्ह दाबते, वीज तोडली की स्प्रिंग त्याला परत वर ढकलते. कागदावर इतकं सोपं की सरांनी पहिल्याच बैठकीत सही केली.

कॉईल गुंडाळून मिळायच्या कामशेतला. स्टेशनाबाहेर चाचांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पंपांच्या जळक्या मोटारी, मळवलीच्या बंगल्यांमधले पंखे, जे जळेल ते चाचांकडे. दुकानाला कायम वॉर्निशचा वास. मी कॉलेजला जाताना लोकलनं कामशेतला उतरायची, जळकी कॉईल द्यायची, नवी घ्यायची, मागची लोकल पकडून लोणावळ्याला जायची.

पहिली कॉईल अर्ध्या मिनिटात धूर सोडून मेली. दुसरी त्याहून लवकर. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायला करंट दणकून लागायचा आणि तेवढा करंट तांब्याला सोसायचा नाही. मी चौथी जळकी कॉईल पुढ्यात ठेवली तेव्हा चाचा म्हणाले, "काय गं पोरी, कॉलेजात इंजिन चालिवता का पापड भाजता?"

"चाचा, चेष्टा नका करू. अगदी रडकुंडीला आलेय मी."

"रडतीस कशाला? जळली म्हंजी काय तरी सांगती ती." आणि ते कॉईल नाकाला लावून वास घ्यायचे. वासावरून त्यांना कळायचं, आतून जळली की बाहेरून. मग ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची. टाकायची नाही. माझ्यासाठी एक खिळा वेगळाच ठोकला होता.

एकदा कॉईल जळली ती व्हॉल्व्ह उघडा असतानाच, आणि पिस्टननं वर येऊन त्याला ठोकलं. वाकडा झालेला व्हॉल्व्ह हातात घेऊन मी वर्कशॉपच्या पायरीवर बसले आणि खरोखर रडले. जोडीदार म्हणाला, "चल, वडापाव खाऊ." मेल्याला तेवढंच सुचलं.

अकरावी कॉईल जवळजवळ मिनिटभर टिकली. त्या मिनिटात इंजिन चाललं, कॅमशाफ्टशिवाय, आचके देत, खोकत, पण चाललं. मग तोच वास. मी ती चाचांकडे नेली तेव्हा परीक्षेला पाच दिवस उरले होते. चाचांनी ती बराच वेळ हातात फिरवली.

"मला तीन-चार दिस दे," ते म्हणाले. "डोस्क्यात काय तरी आलंय."

मी हो म्हटलं. पण मनातून मी हात टेकले होते. दुसऱ्या दिवशी जोडीदार म्हणाला, "ऐक. कॅमशाफ्ट परत आत बसवू. झाकणाआड कोणाला दिसतोय? वर उरलेल्या दोन कॉईल नुसत्या टकटक करतील, थोडासा करंट द्यायचा, दिवे लुकलुकतील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी नाही म्हणायला हवं होतं. खरं सांगते, मला नाही म्हणण्याचाही कंटाळा आला होता. वडिलांचा चेहरा डोळ्यापुढे आला आणि मी पाना उचलला. कॅमशाफ्ट मीच बसवला, माझ्या हातानं. इंजिन पहिल्या किकला सुरू झालं, लोण्यासारखं. आम्ही एकमेकांकडे बघितलंच नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले. पोटलीसारखं पोट, डोळ्यावर चष्मा, माणूस प्रेमळ. इंजिन सुरू केलं. टकटक, टकटक, दिवे लुकलुकले. परीक्षक खूष. आणि तेवढ्यात दारात चाचा! पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. अगं बाई! मीच त्यांना तारीख सांगितली होती, महिन्यापूर्वी, मोठ्या तोऱ्यात. चाचा, त्या दिवशी यायचं हं, असं. साफ विसरले होते मी.

काय करणार? मी परीक्षकांना म्हटलं, "सर, आमच्या सगळ्या कॉईल यांनी गुंडाळल्या."

"वा! या, या," परीक्षक म्हणाले.

चाचा पुढे आले. दुसऱ्या कोणी इंजिनाकडे बघितलं असतं, चाचांनी कॉईलवर तळहात ठेवला. खरा करंट असता तर अर्ध्या मिनिटात चटका बसला असता. हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलले असते तर माझं दुसरं वर्षही गेलं असतं, नोकरी गेली असती.

"गरम होते का हो फार?" परीक्षकांनी विचारलं.

"न्हाई साहेब," चाचा म्हणाले. "थंड हाय."

"कमाल आहे!" परीक्षक म्हणाले आणि तसं शेऱ्यात लिहिलं. मी चाचांना चहाला थांबवत होते, पण ते पिशवी काखोटीला मारून निघून गेले.

निकाल लागला. आम्ही वर्गात दुसरे आलो. मी पेढे घेऊन कामशेतला गेले. चाचांनी पेढा खाल्ला, हात पुसला आणि विचारलं, "कॅम हाय ना आत?"

"हो."

"मास्तरापुढं बोललो न्हाई. तुजं वर्स वाचावं म्हनून. पर मला तरी आदी सांगायचं व्हतंस. अकरा जळल्या तरी गुंडाळत ऱ्हायलो मी." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, ती मलाच पोकळ वाटली.

मग त्यांनी फळीवरून वर्तमानपत्रात बांधलेली पुडी काढली. "गाडीच्या स्टार्टरमदी दोन वायंडिंग आसत्यात. एक वढनारं, जाड तारेचं. एक नुसतं धरून ठेवनारं, बारीक. वढून झालं का वढनारं बंद. मंग जळंल कशी? ही तशी केली. ठेव तुला, मला काय उपेग."

चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून हे आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नाही. सगळा करंट आम्ही सगळा वेळ देत होतो, येड्यासारखे.

नोकरी लागली. वडिलांनी शेजारीपाजारी सांगितलं. आता दोन वर्षं झाली तळेगावात, शिफ्ट सांभाळते, तयार मालाची तपासणी करते, सह्या करते. पुडी कपाटात होती. मधे कळलं, कॉलेजनं ते इंजिन भंगारात काढलं. चाचा भेटले की विचारायचे, "लावून बगितलीस का?" मी म्हणायचे, "वेळच नाही मिळत हो." वेळ होता. भीती वाटायची. नंतर त्यांनी विचारायचं सोडलं.

मागच्या रविवारी दुपारी पुडी सोडली. कॉईलची वीज चालू-बंद करणारा जुना सर्किट बोर्ड शोधला, दुसऱ्या वायंडिंगसाठी एक वायर वाढवली, शेजारच्या रिक्षाची बॅटरी मागून आणली. दांडीखाली व्हॉल्व्हची जुनीच स्प्रिंग, करंट पूर्ण. ठकठक ठकठक सुरू झालं. मी घड्याळ लावून समोर बसले. दहा मिनिटांनी तळहात ठेवला. कोमट होती, बाळाच्या अंगाइतकी.

तशीच उठून कामशेतला गेले. चाचा एका पंपाच्या मोटारीत तारा भरत होते.

"चाचा, दहा मिनिटं पूर्ण करंटवर चालवली. नुसती कोमट झाली."

"म्हाईत हाय," ते मान वर न करता म्हणाले. "जीपच्या बॅटरीवर तासभर चालिवली व्हती मी. परीक्षेच्या आदल्या दिशी."

"मग त्या दिवशी का नाही दिलीत?"

त्यांनी हातातली तार खाली ठेवली. "द्यायलाच आलतो की, पोरी. पिशवीत हीच व्हती."

मी बाकावर बसले. समोर माझ्या खिळ्याला अकरा कॉईल अजून तशाच टांगलेल्या होत्या. चाचांनी चहा सांगितला आणि पुन्हा मोटारीत तारा भरू लागले.