शेवटची अकरा पानं

चांगल्या बायकांच्या पुस्तकांवर धूळ बसते. एकतीस वर्षं वाचनालयाच्या टेबलामागे काढल्यावर हे मी छातीठोकपणे सांगते. सोशीक, समजूतदार, सगळ्यांना सांभाळून घेणारी नायिका असली की पुस्तक जसं नेलं तसं परत येतं, कोरं करकरीत. आणि एखादी खाष्ट, आपमतलबी, नवऱ्याला पाण्यात पाहणारी बाई असली, की त्या पुस्तकाच्या पार चिंध्या होतात. परत करताना मात्र जो तो नाक मुरडतो. "शी! असली बाई असते का कुठे?" म्हणायचं आणि मग हळूच विचारायचं, "असंच दुसरं काही आहे का हो?"

वहिनी नाक मुरडायची नाही. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, म्हणून मीही. तोंडावर मी अहो-जाहो करायचे, पण मनात ती मला 'ती'च होती. शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात ती काजं करायची. दिवसाला शेकड्यांनी शर्ट, एकेका शर्टाला सात काजं. शनिवारी अर्ध्या दिवसाची पाळी संपली की केसांत दोऱ्यांचे तुकडे घेऊन ती माझ्यासमोर उभी राहायची आणि पावशेर मिरच्या मागाव्यात तसं म्हणायची, "मॅडम, एखादी वाईट बाई द्या."

तिच्या घरचं सगळ्यांना ठाऊक होतं. तळमजल्यावर दोन खोल्या. नवरा आठ वर्षांच्या संसारानंतर हृदयविकाराने गेलेला, मूलबाळ नाही. पुढच्या वर्षी सासू न्हाणीघरात घसरून पडली, कंबरेचं हाड मोडलं, ते नीट जुळलंच नाही. तेव्हापासून म्हातारी खिडकीशेजारच्या पलंगावर, खाली रबराची चादर. दीर आणि जाऊ वरच्या मजल्यावर राहायचे. दीर रोज कामावर जाताना दारातून "आई बरी आहे ना?" असं विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता जायचा. कारखाना मागच्याच गल्लीत, म्हणून वहिनी जेवणाच्या सुट्टीत धावत घरी यायची, म्हातारीची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, बेडपॅन धुवायची आणि उरलेल्या पाच मिनिटांत उभ्याने दोन घास गिळायची. अशी चौदा वर्षं. गल्ली म्हणायची, सून असावी तर अशी. आपापल्या सुनांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

एकदा मी न राहवून विचारलं, "वहिनी, तुमच्यासारख्या बाईला हे असलं कसं आवडतं हो? यातली बाई मला भेटली तर मी तोंडही बघणार नाही तिचं."

"मला पण नाही आवडत ती," ती म्हणाली. "आवडायला कशाला हवी? चांगली बाई मी दिवसभर असते, मॅडम. वाचायला पण तीच घेऊ?"

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. माझं तोंड बंद करणारी माणसं मला फारशी सोसत नाहीत.

मग तक्रारी यायला लागल्या. शेवटची पानं नाहीत. एका पुस्तकाची, दोन पुस्तकांची, बघता बघता पाच झाली. पानं फाडलेली नव्हती. ब्लेडने कडेला धरून कापलेली, अगदी सफाईने, काज कापावं तशी. मी शनिवारी पाचही पुस्तकं टेबलावर मांडली आणि ती आल्या आल्या तिच्यापुढे सरकवली. ती जराही गडबडली नाही.

"शेवटी काय होतं त्यांचं, बघितलंत का?" ती म्हणाली. "एक विहिरीत. एक वेड्यांच्या इस्पितळात. एकीला पक्षाघात. दोघी रडून रडून माफी मागतात. दोनशे पानं कुणाला भीक घालत नाहीत आणि शेवटच्या दहा पानांत लागतात रडायला. मला नाही सहन होत."

"म्हणून दुसऱ्यांनी वाचायचं नाही? कुठेत ती पानं?"

"बेडपॅनखाली घातली."

मी तिला हवं ते बोलले. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं, घरी ऐकत असेल तसंच. जाताना एवढंच म्हणाली, "एकच पुस्तक आहे तुमच्याकडे, ज्याला मला हात लावावा लागला नाही. ती बाई घर सोडून जाते ना, ते. बस सुटते आणि संपतं. किती छान संपतं!"

ते पुस्तक ती तीनदा घेऊन गेली होती. त्यातली बाई आजारी सासू, नवरा, उकळतं दूध, सगळं तसंच टाकून एका सकाळी बसमध्ये जाऊन बसते. खिडकीशी जागा मिळाली म्हणून खूश होते. मागे वळून बघत नाही. मी ते अर्ध्यावरच मिटलं होतं, इतकी ही बाई माझ्या डोक्यात गेली होती.

आता माझ्या कामाची एक खोड सांगायला हवी. अपुरं पुस्तक मला कपाटात बघवत नाही. किरकोळ शिलाई बाइंडर करतो, पण गेलेली पानं मी स्वतः बसवते. दुसऱ्या वाचनालयातून प्रत मागवायची, झेरॉक्स काढायची, त्याच मापाला कापायची, खळ लावून एकेक पान चिकटवायचं आणि वर इस्त्रीचं वजन ठेवायचं. हे काम माझ्याइतकं नेटकं कुणाला जमत नाही आणि ते मी सगळ्यांना ऐकवत असते. त्या पाच पुस्तकांच्या प्रती मागवल्या तेव्हा सहज म्हणून बसवाल्या पुस्तकाचीही मागवली. बघते तर त्यात अकरा पानं जास्त! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात लावला नाही म्हणे. तोंड वर करून खोटं बोलली माझ्याशी. मी ती अकरा पानं इतकी बेमालूम बसवली की बोट फिरवूनही कळू नये.

दोन महिन्यांनी वहिनी एका बुधवारी आली. बुधवारी ती कधी यायची नाही. कारखान्याची दुसरी शाखा लांबच्या शहरात निघत होती. तिथल्या काज-बटण विभागाची प्रमुख म्हणून मालकाने तिचं नाव घेतलं होतं, राहायला एक खोलीही होती. सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं.

"आणि सासूबाई?"

"त्यांना मुलगा आहे की," ती म्हणाली. कान लाल झाले होते तिचे. "जाईन म्हणते. लोक शेण घालतील तोंडात. घालू देत. मला ते बसचं पुस्तक द्या ना परत. जरा धीर येतो."

मी उठले, पुस्तक काढलं, तिच्यापुढे आपटलं. "घ्या. आता पूर्ण आहे. पुन्हा ब्लेड लावू नका." तिला काही कळलं नाही असं दिसलं. मला ते नाटक वाटलं.

शनिवारी तिने पुस्तक परत आणलं. "पानं मोजून घ्या," म्हणाली. सोमवारी तिने मालकाला 'नाही' म्हणून कळवलं. पुढे तिने वाईट बाया मागणं सोडलं, मग वाचनालयात येणंही सोडलं. गल्लीत तिचं आणखीच कौतुक झालं, एवढी चालून आलेली संधी सासूसाठी सोडली म्हणून. मीही त्या कौतुकात भर घातली. चार वर्षांनी तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि दीड महिन्यात ती गेली. एकोणपन्नास वर्षांची होती.

मी भेटायला गेले. वरच्या मजल्यावर दीर आलेल्यांना सांगत होता की वहिनी म्हणजे देवमाणूस, तोंडातून कधी वावगा शब्द नाही. जाऊ चहाच्या गडबडीत होती. मी खाली म्हातारीजवळ जाऊन बसले. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. अंगात मूठभर मांस नव्हतं, पण नजर चाकूसारखी. मी पण ठरीव वाक्य बोलले, फार सोशीक होती हो.

"कसली सोशीक!" म्हातारी म्हणाली. "दार लावलं की मला म्हणायची, मर की गं आता, किती छळशील. मी म्हणायची, तू आधी. आणि दोघी खो खो हसायचो. तू वाचनालयवाली ना? तुझी सगळी पुस्तकं मला वाचून दाखवायची ती. त्या अवदसा बायांची. फार मजा यायची गं. आता माझ्याशी खरं कोण बोलणार? ती वरची माझ्याशी गोड बोलते."

म्हातारीने माझं मनगट धरलं.

"मीच तिला जा म्हटलं होतं, ठाऊक आहे? त्या नोकरीवर. म्हटलं, हा वरचा मेला बघेल नाहीतर नाही बघणार, मी किती दिवसांची. बॅग भरली होती तिने. आणि ते बसचं पुस्तक घेऊन आली. तीनदा वाचलेलं. बस सुटते तिथे संपतं, आम्हा दोघींना पाठ होतं ते. तर ह्या खेपेला पुढे पानं! ती बाई सहा महिन्यांनी परत येते. आजारी. दाराशी बसून रडते आणि तिथेच मरते. हिने मला अखेरपर्यंत वाचून दाखवलं. मग म्हणाली, ही पण परत आली, आई. सगळ्याच येतात. मग उगाच दोन खेपा कशाला? आणि बॅग उपसून ठेवली."

म्हणजे ती माझ्याशी खोटं बोललीच नव्हती. ती पानं तिच्याही आधी कुणीतरी हरवली होती. आणि तिला जो शेवट मिळाला होता, तो मी इस्त्रीच्या वजनाखाली दाबून पुसून टाकला होता.

"चार वर्षं विचार करतेय मी," म्हातारी म्हणाली. "छापलेली पानं अशी उगवतात थोडीच? कुणी चिकटवली गं ती?"

वरून दिराचा आवाज येत होता. म्हातारीची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती.

"बाइंडरने," मी म्हटलं.

"हात झडोत मेल्याचे."

"हो ना," मी म्हणाले, आणि चहा घेऊन घरी आले.