पहिलीच्या बाईंची परीक्षा

रविवार, १४ सप्टेंबर २०२५, सकाळी दहा. स्थळ: माझं घर, हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम. हजर: मी. आमच्या शाळेतल्या पहिलीच्या बाई, अंबरनाथहून. बारवी धरणाकडच्या एका वाडीवरच्या शाळेचे गुरुजी, मोटारसायकलवरून, चिखलाने भरलेल्या बुटांसकट आणि पालकांनी दिलेल्या चार काकड्यांसकट. गैरहजर: कोणी नाही.

कुठलीही बैठक असो, मी आधी हजेरी लिहिते आणि मग कामांची यादी करते. घरचे हसतात, पण गॅसचा नंबर कधी लावला हे त्यांना माझ्याच वहीत सापडतं. त्या दिवशी यादीत एकच काम होतं: परीक्षा.

दोन आठवड्यांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या प्रत्येक शिक्षकाने दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायची. नाही झालात तर नोकरी सोडायची. ही परीक्षा आमच्यासाठी नाहीच, अशी आमची इतकी वर्षं समजूत होती, कारण आम्ही तिघंही तो नियम येण्याआधी नोकरीला लागलो होतो.

गुरुजी पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "पंचवीस वर्षं गाडी चालवतोय. आता म्हणतात, लर्निंग लायसन्स दाखवा."

"मग दाखवायचं," मी म्हटलं. "गाडीत पोरं बसलेली आहेत."

"बाई, तुम्ही कोणाच्या बाजूने?"

"वेळापत्रकाच्या."

मला राग आला नव्हता असं नाही. पण कायद्याशी भांडणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या संघटना आहेत, वकील आहेत. त्यांनी भांडावं. परीक्षा मात्र नोव्हेंबरातच होती आणि फॉर्म दुसऱ्याच दिवसापासून भरायचे होते. गुरुजींना मी सांगितलं की भांडण आणि अभ्यास दोन्ही एकाच वेळी करता येतं, फक्त अभ्यास रविवारी दहा ते एक.

पहिलीच्या बाईंनी विळी पुढे ओढली होती. त्या काकडी चिरत होत्या. खरा प्रश्न त्यांचाच होता, आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. गुरुजी एकटे पाच वर्ग सांभाळतात, त्यामुळे त्यांना पाचवीपर्यंतचं सगळं तोंडपाठ. मी दरवर्षी शिष्यवृत्तीचे तास घेते, मला पर्यायांचे प्रश्न नवे नाहीत. बाई मात्र चोवीस वर्षं फक्त पहिली शिकवत आल्या आहेत. शाळेच्या आसपासच्या अर्ध्या कुळगावाला त्यांनी 'क' गिरवायला लावला. यजमानांची अंबरनाथची कंपनी बंद पडल्यापासून घर त्यांच्या पगारावर चालतं. म्हणजे घर आणि पहिलीचा वर्ग, दोन्ही एकाच परीक्षेवर टांगलेली.

"गंमत सांगू?" काकडीला मीठ लावत त्या म्हणाल्या. "खऱ्या वयाने मी चोपन्न वर्षांची. निवृत्तीला चारच वर्षं, म्हणजे मला ही परीक्षाच नाही."

आम्ही दोघांनी माना वर केल्या.

"आईने मला शाळेत नेलं, तेव्हा गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? आई म्हणाली, भात कापत होतो तेव्हा झाली. गुरुजींनी लिहिलं एक जून. आणि वर वय दोन वर्षांनी कमी लिहिलं. म्हणाले, पोरीला नोकरी लागली तर दोन वर्षं जास्त मिळतील."

आमच्या पिढीत एक जूनला जन्मलेली माणसं घरोघरी आहेत. आमच्या शिक्षकखोलीतच तिघी आहेत. पण ती तारीख अशी फिरून दारात येईल, असं कोणाला वाटलं असतं?

"म्हणजे त्या गुरुजींमुळे अडकलात," आमचे गुरुजी म्हणाले.

"अडकले कसली? नोकरीची दोन वर्षं दिली ना त्यांनी? त्यांचा शब्द खोटा पडता कामा नये." आणि मग माझ्याकडे वळून, "अगं, तुझं ते वेळापत्रक काढ. आणि एक लिहून ठेव. मला पास व्हायला आरक्षणामुळे थोडे कमी गुण पुरतात. ती सवलत हक्काची आहे, मी सोडणार नाही. पण तयारी इतरांसारखी, दीडशेत नव्वदची करून घे."

मी लिहून घेतलं.

पहिली अडचण गणिताची होती. शेकडेवारीचं उदाहरण घातलं की बाईंचा चेहरा पडायचा. "पहिलीचं गणित शंभरापाशी थांबतं," त्या म्हणाल्या. "चोवीस वर्षांत मी शंभराच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही."

"बाई," गुरुजी म्हणाले, "शेकडेवारी शंभराच्या आतच असते. पलीकडे जायचंच नाही!"

त्या थबकल्या. मग इतक्या हसल्या की शेजारीण डोकावून गेली. पुढच्या रविवारी त्या वर्गातल्या काड्यांचे दहा गठ्ठे घेऊन आल्या आणि माझ्या सतरंजीवर शेकडा मांडला. चाळीस टक्के म्हणजे चार गठ्ठे. साडेबारा टक्के म्हणजे एक गठ्ठा, दोन काड्या आणि एक मोडलेली. दसऱ्यापर्यंत नफा-तोटा हातात आला. दिवाळीपर्यंत काम-काळ-वेग आला. गुरुजी म्हणायचे, मी हे वाडीवर असंच शिकवणार आता, आणि खरंच त्यांनी काड्या गोळा करायला लावल्या.

दुसरी अडचण मला दिवाळीनंतर कळली, आणि ती फक्त पहिलीच्याच बाईंना येऊ शकली असती.

मी घरी सराव परीक्षा घेतली. दीडशे प्रश्न, अडीच तास, दार बंद, फोन कपाटात. पहिला प्रश्न सुरू झाला आणि बाई खणखणीत आवाजात वाचू लागल्या: "पुढीलपैकी... कोणता..." बोट ओळीखाली. प्रत्येक शब्द सुटा, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा.

"बाई, मनात."

"हो हो." अर्धी ओळ मनात. आणि पुन्हा आवाज.

चोवीस वर्षं त्यांनी जे जे वाचलं ते कोणाला तरी ऐकवण्यासाठी वाचलं होतं. आवाज न करता वाचलेलं त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. अडीच तास संपले तेव्हा पन्नासेक प्रश्न कोरे होते, आणि मोठ्याने वाचणाऱ्याला परीक्षेच्या वर्गात कोण बसू देणार? सोडवलेल्यांतले बहुतेक बरोबर होते, तरी बेरीज ऐंशीच्या आत.

त्या दिवशी पहिल्यांदा बाईंचा आवाज खाली आला. "अभ्यास येतो गं मला. पण गप्प बसता येत नाही. ह्याला काय करणार?"

मी उपायांची यादी केली. तोंडात लवंग: लवंग चावून टाकली आणि वाचणं चालू. तोंडावर रुमाल: रुमालाच्या आतून वाचणं चालू. मी समोर बसून डोळे वटारणं: त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. दोन रविवार गेले. परीक्षेआधी एकच उरला.

त्या शेवटच्या रविवारी गुरुजी वैतागले. त्यांचा स्वतःचा प्रश्न अर्ध्यात होता आणि शेजारी बाईंचा परिसर अभ्यास दुमदुमत होता. वाडीवर ओरडतात तसे ते ओरडले, "हाताची घडी!"

"तोंडावर बोट!" बाई म्हणाल्या, आणि डावं बोट ओठांवर गेलं.

आम्ही वाट पाहिली. शांतता. उजव्या हातातलं पेन चाललं होतं. डोळे ओळीवरून सरकत होते. एक प्रश्न, दोन प्रश्न, पान उलटलं. मी श्वास रोखून गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी स्वतःच्याही ओठांवर बोट ठेवलं, हसू दाबायला.

चोवीस वर्षं बाईंनी पोरांना जे सांगितलं होतं, ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पेपर वेळेत संपला. बेरीज मी दोनदा केली. नव्वदच्या वर होती.

परीक्षेचं केंद्र उल्हासनगरला आलं. गुरुजी दुसऱ्या मजल्यावर, आम्ही दोघी एकाच वर्गात, दोन रांगांचं अंतर. घड्याळ बाहेर काढून ठेवायला लावलं आणि भिंतीवरचं बंद होतं, त्यामुळे निम्मा जीव माझा तिथेच गेला. वर्गात सगळे आमच्यासारखेच: पांढरे होत चाललेले केस, चष्मे, पाण्याच्या बाटल्या. आणि कालवा! कोणाची बदली झाली, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणत्या शाळेत पट कमी झाला. इतका बेशिस्त वर्ग मी आयुष्यात पाहिला नव्हता. पर्यवेक्षिका पंचविशीची मुलगी, बहुधा तिथलीच सिंधी. ती "प्लीज, शांत बसा" म्हणत होती, टेबलावर डस्टर आपटत होती. कोणी बघेना. तिचे डोळे पाणावायला आले होते.

बाई उभ्या राहिल्या. दोन टाळ्या वाजवल्या.

"हाताची घडी!"

आणि अख्ख्या वर्गाने, परीक्षेला बसलेल्या मुख्याध्यापकांसकट, एका सुरात उत्तर दिलं, "तोंडावर बोट!"

टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मग एकदम खसखस पिकली, पण ती सुद्धा तोंडावर बोट ठेवून. पर्यवेक्षिकेने बाईंना हात जोडले आणि पेपर वाटले.

अडीच तास मी मधूनमधून डावीकडे पाहत होते. बाईंचं बोट हललं नाही. एकदा ती मुलगी त्यांच्याजवळ येऊन वाकली, "मॅडम, दात दुखतोय का?" बाईंनी नुसती मान हलवली. बोलल्या असत्या तर सगळंच बाहेर आलं असतं.

बाहेर आल्यावर आम्ही तिघं दाल-पकवान खायला गेलो. दुकानदाराने आमच्या हातातली प्रवेशपत्रं पाहिली. "बेटे का पेपर था, मॅडम?"

"बेटे का नहीं," बाई म्हणाल्या, "हमारा!" आणि तिथून पुढे अंबरनाथ येईपर्यंत त्या गप्प म्हणून बसल्या नाहीत.

निकाल लागला तो शाळेचा दिवस होता. मधली सुट्टी संपली होती. शिक्षकखोलीत मी आधी माझा नंबर टाकला, मग गुरुजींचा, दोघंही पास, मग बाईंचा. वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग सरळ पहिलीच्या वर्गाकडे निघाले, आणि मी शाळेच्या व्हरांड्यात कधी पळत नाही, त्या दिवशी पळाले.

बाई फळ्यावर 'ज'ला मात्रा देत होत्या. दारात मी. त्यांनी खडू खाली ठेवला नाही.

"पास," मी म्हटलं. "शहाण्णव."

खडू पडला. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई काय झाल्या?"

"बाई परीक्षेत पास झाल्या," मी सांगितलं.

"मग त्यांना स्टार द्या ना," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पास झालं की हातावर स्टार मिळतो, या वर्गात तसाच नियम आहे. मी खिशातलं लाल पेन काढलं आणि बाईंच्या मनगटावर पाच टोकांचा स्टार काढला. बाई हसत होत्या, त्यामुळे एक टोक लांब गेलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्या तसाच हात घेऊन घरी गेल्या.

गुरुजींचा फोन आला तो मोटारसायकलच्या हॉर्नसकट. "लायसन्स मिळालं बरं का! आता वाजवतो!" त्यांचं भांडण अजून चालू आहे. नियम नंतर आला आणि आम्हाला मागून लावला, हे चूक आहे असं ते म्हणतात. मलाही तसं वाटतं. पण ते आता पास होऊन भांडतात, आणि त्यात वेगळाच जोर आहे.

यादीतलं एक काम मात्र बाकी आहे. उत्तीर्ण झाल्याची नोंद सेवापुस्तकात झाली पाहिजे. माझी झाली. गुरुजींची झाली. बाईंची नाही, कारण लिपिक मूळ प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय नोंद करत नाहीत, आणि मूळ प्रमाणपत्र बाई दाखवायला घेऊन गेल्या ते अंबरनाथलाच दुसऱ्या वस्तीत राहणाऱ्या आईकडे राहिलं आहे. त्यांनी ते बाईंना न विचारता काच लावून घेतलं आणि बुद्धवंदनेच्या जागेशेजारी भिंतीवर टांगलं. वस्तीतली माणसं येऊन पाहून जातात. झेरॉक्स लावू या म्हटलं तर म्हातारी ऐकत नाही. दोन तासांसाठी नेते म्हटलं तरी नाही. "खरं ते इथंच राहील," म्हणते.

बाई तीनदा हात हलवत परत आल्या. लिपिकांनी काल पुन्हा विचारलं. येत्या रविवारी मी आणि गुरुजी अंबरनाथला जातोय. फ्रेम उतरवायला स्टूल तिथे आहे. आईशी कोण बोलणार, ते अजून ठरलेलं नाही.