कमलीकडे ठेवलेली डबी

सारंगखेड्याच्या धनुबाईंचे समोरचे दोन दात गेले, तेव्हा गल्लीनं त्याची हवी तितकी कारणं शोधून काढली. कुणी म्हणे ऊस सोलताना गेले, कुणी म्हणे सुनेवर दात-ओठ खाऊन खाऊन झिजले. खरं कारण धनुबाईंच्या कमरेलाच खोचलेलं असायचं, ती मिसरीची पितळी डबी. तव्यावर काळी होईस्तो भाजलेली तंबाखू रोज सकाळी ओट्यावर बसून बोटानं हिरड्यांना घासायची आणि ओट्यावरून थेट रस्त्यापलीकडच्या गटारीत पिंक टाकायची. नेम असा की मधून जाणारा सायकलवालाही बिनधास्त जायचा.

दातांचं धनुबाईंना काही वाटत नव्हतं. भाकर दुधात कुस्करून मजेत चाललं होतं. घात झाला तो नातीच्या, रोहिणीच्या साखरपुड्यात. पाहुणे पुरुषोत्तमनगरचे, साखर कारखान्याच्या वसाहतीतले. चहा मात्र त्यांच्याकडे असा मिळाला की साखर कारखान्यातच राहिली असावी. त्यात मुलाकडच्या बायका गायला बसल्या आणि होणाऱ्या विहीणबाईंनी, गल्लीच्या भाषेत इहीणबाईंनी, धनुबाईंच्या तोंडाकडे बघत ओळ टाकली:

"नवरीनी आजीना घरले दार नही वं, दार नही."

आता लग्नाच्या गाण्यांत सारंगखेड्याचं पुढारपण धनुबाईंचं. पहिली ओळ त्यांनी टाकायची, धाकट्या जाऊबाई कमलीबाईंनी ती उचलायची आणि मग बाकीच्या बायकांनी. धनुबाई उत्तर द्यायला सरसावल्या, पण शब्दांच्या आधी वाराच बाहेर पडला. सगळ्या हसल्या. त्याचंही दुःख नव्हतं. पण कमलीसुद्धा तोंडात पदर कोंबून हसली, ते फार लागलं.

घरी येताच त्यांनी मुलाला बोलावलं. भाग्येश शहाद्याला शाळेत मास्तर, घरात मात्र जिभाऊच.

"जिभाऊ, माले दात बसाडना शेत. काढघालना नको. गाता गाता हातमा ई पडतीन. रोहिणीनी हळदले माले गानं शे."

शहाद्याच्या दातांच्या डॉक्टर ममताबाईंनी तोंड तपासलं आणि समजावून सांगितलं. हाडात बारीक स्क्रू बसवायचे, हाडानं ते धरले की त्यांवर दात. धरायला काही महिने लागतात. लग्न आखाजीनंतर, अक्षय्य तृतीया उलटल्यावर होतं, म्हणजे वेळ होता.

"पण आजी, मिसरी बंद. कमी नाही, बंद. तंबाखूनं जखमेला नीट रक्त पोचत नाही, हाड स्क्रू धरत नाही. मग मला नावं ठेवू नका."

धनुबाईंनी मान हलवली. नव्या नवरीनं सासूपुढे हलवावी तशी. तिचा अर्थ काय ते त्यांचा त्यांनाच माहीत.

पण घरी येऊन त्या विचारात पडल्या. डबी घरात ठेवली तर हात जाणार. रमिलाबाईकडे दिली तर ती जिवाभावाची मैत्रीण, पहिल्या हाकेला देऊन टाकणार. शेवटी त्या भिंतीपलीकडे कमलीबाईंच्या दारात गेल्या. दोघींचं न्हाणीच्या पाण्यावरून बरेच दिवस धड बोलणं नव्हतं.

"कमले, हाई डबी ठेव. मी मांगसू, तरी देऊ नको."

"माले कसाले? तुन्ही रमिलाबाई शे ना."

"ती दी टाकी. तू देवाव नही. तुले मन्हं चांगलं देखवस नही."

कमलीबाईंना हे इतकं पटलं की त्यांनी डबी मुकाट ठेवून घेतली.

पौषात ऑपरेशन झालं. धनुबाई गालाला बर्फाची पिशवी लावून घरी आल्या आणि गल्ली बघायला लोटली. कुणी शेकायला तापलेली वीट आणली, कुणी वाफाळत्या शेवया. भाग्येश दारातच उभा. आज शेक नाही, गरम काही नाही. नळीनं ओढून पिणं नाही. चूळसुद्धा उद्यापासून, कोमट मिठाच्या पाण्याची, आणि तीही खळखळून नाही, नुसती तोंडात फिरवून सोडून द्यायची. जोरानं थुंकायचं तर अजिबात नाही. हे ऐकून धनुबाईंनी रस्त्यापलीकडच्या गटारीकडे असं पाहिलं, जणू माहेरची गाडी सुटली.

उशाला दोन उशा, वेळेवर गोळ्या, गार दूध, मऊ खिचडी. टाक्यांकडे जीभ सारखी जायची, ती त्या आवरायच्या. आणि रोज दुपारी भिंतीपलीकडून कमलीबाई कढी कालवलेल्या गार भाताची वाटी घेऊन हजर.

"म्हातारी भूकी मरनी तं लोके माले नाव ठेवतीन. आ कर, दखाड."

मग त्या कमरेवर हात ठेवून जाऊबाईंच्या तोंडात डोकावायच्या आणि बाहेर जाऊन सगळ्या गल्लीला बातमी द्यायच्या. आज सूज उतरनी. आज टाका निंघनात. आज बाई माले दोन शिव्या दिन्ह्यात, म्हंजे बरी शे.

दुखत होतं तोवर सगळं सोपं होतं. टाके निघाले, सूज गेली, धनुबाई दुसऱ्या बाजूनं मऊ भाकर चावायला लागल्या, आणि तिथंच कठीण झालं. एका सकाळी भिंतीपलीकडे तव्यावर मिसरी भाजत होती. गल्ली शिंकत होती, कुत्रीसुद्धा शिंकत होती. धनुबाईंच्या हिरड्यांना पाणी सुटलं. काय करतेय हे कळायच्या आत त्या कमलीबाईंच्या चुलीपुढे उभ्या.

"कमले, डबी दे. एक बोट फक्त."

"तू सांगं व्हतं, देऊ नको."

"आते मीच सांगस, दे."

कमलीबाईंनी मिसरी हलवता हलवता वर पाहिलं. "देस. पन मंग हळदले पहिली ओळ मी टाकसू. तू मांगे बठ, आन् टाळ्या वाजाड."

धनुबाईंच्या डोळ्यांपुढे मांडव उभा राहिला. पुढे कमली, समोर इहीणबाई, आणि आपण मागे टाळ्या वाजवतोय.

"तुन्हा गळा म्हंजे फुटेल रांजन," त्या म्हणाल्या.

"म्हनीसनच सांगस. इच्यार कर."

धनुबाई तशाच परत फिरल्या. त्या दिवशी त्यांनी घरातली सगळी भांडी राखेनं घासून काढली. घासायला काहीतरी हवं होतं.

चैत्रात ममताबाईंनी स्क्रू ठोकून पाहिले, फोटो काढला आणि म्हणाल्या, "हाडानं घट्ट धरलेत." मग मापं घेतली, दात बसवले. उसाचं कांडं नाही, मिसरी तर आता कधीच नाही, आणि सकाळ-संध्याकाळ ब्रश. धनुबाईंनी या वेळी मान हलवली ती खरी.

हळदीच्या दिवशी पुरुषोत्तमनगरच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. इहीणबाई ऐटीत बसल्या, हातात चहाची कपबशी. मांडवात सारंगखेड्याच्या सगळ्या बायका कान टवकारून. धनुबाईंनी पदर सारखा केला आणि ओळ टाकली. एकही अक्षर वाऱ्याला गेलं नाही:

"दार बसाडं वं इहीनबाई, ये आते घरमा.
साखरना गावनी तू, चहा तुन्हा फिक्का वं."

मांडव खदखदला. आता कमलीनं ओळ उचलायची. कमली उचलेना. धनुबाईंनी वळून पाहिलं तर बाईचा गाल फुगलेला, ओठांच्या कडेला काळी रेघ.

"थुकी ये," धनुबाई दातांतल्या दातांत म्हणाल्या. नव्यांतून पहिल्यांदाच.

कमलीबाई ओट्यावर जाऊन आल्या. धनुबाईंनी हात पुढे केला. कमलीबाईंच्या कमरेची पितळी डबी त्यांच्या तळव्यावर आली, ती हलकी लागली.

"इतली कोठे गई?"

"सांभाळता सांभाळता गई."

धनुबाईंनी डबी आपल्या कमरेला खोचली. कमलीबाईंचा चेहरा उतरला. "बाई, आते नको वं घासू. इतलं करीसन..."

"मी नही घासत. तुन्हा खालना दात हाली ऱ्हायना, रोज देखस मी. आते डबी मी सांभाळसू. मांगशी तं पुढला लगीनमा दारमा बठाडसू तुले."

कमलीबाईंनी नाक मुरडलं आणि फुटक्या रांजणासारख्या आवाजात ओळ अशी उचलली की इहीणबाईंच्या हातातली बशी खणखणली. त्यांनी सावरून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. धनुबाईंनी त्या चहात मुद्दाम तिप्पट साखर घालायला लावली होती.