आंब्याच्या खोडावरचं दगडफूल

फळ न देणाऱ्या झाडाकडे कोणी बघत नाही, हे त्या झाडाचं भाग्यच म्हणायचं. आमच्या आंब्याचं ते भाग्य मी माझ्या तोंडाने घालवलं.

मुलुंडला आमच्या सोसायटीत, पंपाच्या खोलीला लागून हा आंबा आहे. त्याच्या खोडावर दगडफुलाचे करडे-हिरवट चट्टे होते. आपण मसाल्यात घालतो त्याच जातकुळीतलं, पण सालीला घट्ट चिकटलेलं. एका सकाळी ऑफिसला निघताना त्यातला एक कण मला हलताना दिसला. तांदळाच्या दाण्याहून लहान पिशवी, दगडफुलाचाच भुगा लावून विणलेली, आणि तिच्यातून डोकं काढून एक अळी दगडफूल खात होती. शोधल्यावर आणखी सात-आठ दिसल्या. त्या दिवशी मला लेट मार्क लागला.

मी काही शास्त्रज्ञ नाही. विमा कचेरीत नोकरी करते आणि फावल्या वेळात पतंगांचे फोटो काढते, तेही लोक फुंकर मारून उडवतात तसल्या इवल्या पतंगांचे. जोगेश्वरीला एक निवृत्त प्राध्यापक राहतात, त्यांना ते पाठवते. एरवी दोन शब्दांत उत्तर देणाऱ्या या माणसाने त्या दिवशी फोनच केला. असा पतंग आपल्या उपनगरांत कोणी नोंदवल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. पण नुसत्या अळीच्या फोटोवर नोंद होत नाही, म्हणाले. पंख फुटलेला पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तरच जात ठरते. चार अळ्या सालीसकट घरी आणून बरणीत वाढव, असं त्यांनी बजावलं.

मी आणल्या नाहीत. मागे एक अळी अशीच बरणीत ठेवली होती, ती बुरशी येऊन मेली. म्हटलं, जिथे आहेत तिथेच सुखाने वाढू देत. त्या चट्ट्यांवर मलमलचं फडकं टाचलं, म्हणजे पतंग बाहेर आला की आतच सापडेल. झाडूवालीने ते दोनदा काढून टाकलं. शेवटी मी चेअरमनकाकांकडे गेले.

काका मालवणकडचे, उमेदीची वर्षं गिरणीत गेलेली. त्यांना खाली आणून आंबा दाखवला. फार दुर्मीळ पतंग आहे, आपल्याच आवारात सापडलाय, हे झाड जपायला हवं, असं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. दिसलं काहीच नसणार, पण छाती फुगली. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर बातमी आली आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मीही खूश झाले, गाढवासारखी.

जानेवारीत चुलतबहिणीच्या लग्नाला कणकवलीला गेले, ती परतले पंचवीस तारखेच्या संध्याकाळी. फाटकातूनच दिसलं. झेंडावंदनाच्या आधी दरवर्षी फाटकाजवळच्या नारळांना गेरू-चुना लागतो. आंब्याला कधी कोणी विचारलं नव्हतं. यंदा त्याचा मान वाढला होता. माणसाच्या उंचीपर्यंत खोड तारेच्या ब्रशने घासून काढलेलं, वर गेरू, मध्ये पांढरा पट्टा, बुंध्याला झेंडूची माळ. शेजारी नवा फलक: ‘दुर्मीळ पतंगाचे झाड’. खाली माझं नाव, आधी सौ. लावून. माझं लग्न झालेलं नाही हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे.

खाली पडलेला भुगा झाडून नेला होता. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेलेली. म्हणजे माझ्या अळ्या एव्हाना कांजूरमार्गच्या कचऱ्याच्या डोंगरावर पोचल्या होत्या.

काका खुर्च्या लावून घेत होते. खोड कोणी घासलं, मी विचारलं.

“मीच उभो रवान घासून घेतलंय,” ते कौतुकाने म्हणाले. “केवढी बुरशी धरली होती गो. तुझ्या पतंगाक बसाक साफ जागा नको?”

मी ओरडले. वडीलधाऱ्या माणसावर असा आवाज मी कधी चढवला नव्हता. ती बुरशी नव्हती, ते त्यांचं अन्न होतं, घर होतं, तुम्ही त्यांना खरवडून मारलंत, असं तोंडाला येईल ते बोलले. खुर्च्या लावणारे थांबले. काका एकदा माझ्याकडे, एकदा आंब्याकडे बघत राहिले.

“अगो, पण तू झाड जपूक सांगितलंस,” ते हळूच म्हणाले. “झाड तर आसा मां?”

संताप आणखी चढला, कारण ते खरं बोलत होते. मी दगडफुलाचं नावही काढलं नव्हतं. म्हाताऱ्याला एवढं बारीक काय सांगत बसायचं, असं मनाशी म्हणून मी नुसतं झाड दाखवून वर निघून आले होते. रात्री प्राध्यापकांना फोन केला. ते रागावले नाहीत. पतंगच नाही तर नोंद कशाची करायची, एवढंच म्हणाले.

सकाळी झेंडावंदनानंतर काकांनी मला शाल घातली. कार्यक्रम आधीच ठरलेला, भाषणही आधीच लिहिलेलं. हिच्यामुळे आपल्या सोसायटीची नोंद झाली, असं त्यांनी कागदावरून वाचलं. मी माइक घेतला आणि सांगितलं की कसलीही नोंद झालेली नाही, आता होणारही नाही, आणि त्यात माझीही चूक आहे. लोकांना तो माझा विनय वाटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मात्र वाजवल्या नाहीत.