पायांवर ओतलेली घागर

घरात पाहुणे जमले की मुलं मला हटकून पुढे करतात. "आई, ती घागर सांग." मी सांगते, सगळे हसतात, त्यांच्याबरोबर मीही हसते. लिहायला बसल्यावर लक्षात येतंय की यात हसण्यासारख्या जागा फार नाहीत.

माझं माहेर समुद्रकाठचं. गाव म्हणजे उत्तरेला खाडी, दक्षिणेला दीपगृहाचा डोंगर, मधे कोयत्यासारखी वळलेली वाळू आणि वाळूमागे नारळाच्या वाड्या. संपलं गाव. पूर्वी म्हणे खाडीत गलबतं यायची, कौलं उतरायची, मीठ चढायचं. जकातीची दगडी कचेरी होती. मग खाडीचं तोंड गाळानं बुजलं, गलबतं यायची थांबली आणि कचेरीत लोक बकऱ्या बांधू लागले. गावाला बंदर म्हणायची सवय तेवढी राहिली. दर काही वर्षांनी समुद्र माडांची एक रांग घेऊन जायचा. म्हातारे पाण्याकडे बोट करून सांगायचे, तिथे आमच्या काकांची न्हाणी होती. घराघराला विहीर, पायरीशी भरलेली घागर, आणि बाहेरून येणाऱ्यानं ती पायांवर ओतल्याशिवाय वर चढायचं नाही. बाकी कायदे कोणी पाळो न पाळो, हा सगळे पाळत.

आमच्या पडवीतल्या खोलीत एक तरुण मास्तर भाड्यानं राहायचे. पारनेर तालुक्यातले. बदली होऊन ते आपल्या गावी परतले, ते मला लग्न करून बरोबर घेऊन. मी इतकी हुशार की नवऱ्याच्या गावाला नदी आहे का, एवढंही विचारलं नाही. ओढा होता. त्यात मी कधी पाणी पाहिलं नाही, कारण तेव्हाच दुष्काळ पडला.

संध्याकाळी शेजारणी ओट्यावर जमल्या की सासूबाई मला बोलावत. त्यांना सगळे आत्याबाई म्हणायचे.

"ये ग, समुद्र सांग."

मी सांगायची. कौतुकानं विचारतात असं मला महिनाभर तरी वाटत होतं.

"एवढं पानी, अन पेत न्हाई कुनी?" एखादी विचारायची.

"खारट असतं."

"तुज्यावानीच की," आत्याबाई म्हणायच्या. "दिसायला लई, कामाला काय न्हाई."

माडांच्या रांगा समुद्र नेतो हे ऐकून सासरे म्हणाले होते, "आमची जमीन जागची हालत न्हाई. कोरडी का आसंना, हाय तिथं हाय."

थोरली जाऊ देवळाली प्रवऱ्याची. तिच्या माहेरी पाटाचं पाणी, उसाचे मळे. घरातली तोंडं कमी करायची म्हणून तिला मुलांसकट माहेरी धाडलं. माझं माहेर तर सबंध समुद्रावर, तेव्हा पुढचा नंबर माझाच, असा माझा हिशेब. आत्याबाईंचा हिशेब वेगळा होता. दोघी गेल्या तर पाणी कोण आणणार?

उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ मला न्यायला आला. खांद्यावर नारळांचं पोतं, अंगावर दोन दिवसांची धूळ. मी नुकतीच विहिरीवरून आणलेली घागर ओट्याच्या पायरीशी उतरवून त्याच्यासाठी गूळ आणायला आत गेले. त्यानं पायरीशी भरलेली घागर पाहिली. वळणाचा माणूस. उचलली आणि अख्खी पायांवर ओतली.

मी बाहेर आले तर कोंबड्या त्या ओलीकडे धावत येत होत्या.

आमच्या घरी भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी निघत आणि ते पाणी म्हशीला जाई. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "पाव्हणं, धुतलं का नीट पाय? का आनू आजून?"

"नको नको," दादा म्हणाला. "पुरे झालं."

मग बसून त्यानं सांगितलं, आईनं अंथरूण धरलंय, एक बाजू गेली आहे, बोलता येत नाही, पण दाराकडे बघत असते. मी मास्तरांकडे पाहिलं. ते वर्तमानपत्र वाचत होते.

"न्या की," आत्याबाई म्हणाल्या. "आमी काय बांधून ठेवलीय व्हय? तेवढी घागर भरून द्या अन न्या."

दादा हसत उठला. त्याला वाटलं, विहीर म्हणजे परसात. ती होती टेकडीपलीकडे, आणि तळाच्या झऱ्यातून पाणी वाटी-वाटीनं वर यायचं. बायांनी त्याला रांगेच्या शेवटी उभं केलं. दिवस कलला तेव्हा तो परतला. घागर खांद्यावर, सदरा भिजलेला, चाल दारुड्याची.

आत्याबाईंनी घागरीत डोकावून पाहिलं.

"ही तर अर्दी हाय. अर्दीच भैन न्या मग."

शेजारणी हसल्या. वर्तमानपत्रामागून मास्तरही हसले. दादाही हसला, कारण पाहुण्यानं हसावं लागतं.

मी दोन घागरी आणि कळशी घेऊन निघाले. म्हटलं, त्यांच्या अर्ध्याच्या चौपट आणून टाकते, मग काय म्हणतील? रांग ओसरली होती; दिवस मावळता परत येताना सडकेवर समोरून एसटी आली. खिडकीत दादा होता. घरी त्याला सांगितलं होतं, शाळेला सुट्टी लागली की मास्तर आणून सोडतील, तुम्ही कशाला थांबता. त्यानं हात केला. माझ्या डोक्यावर दोन घागरी, कमरेवर कळशी. हलवायला हात नव्हता. तो समजला असेल, रागावले.

घरी आत्याबाईंनी नारळ फोडायला घेतले होते. एकेकाचं पाणी पितळीत काढून त्या स्वतः पीत होत्या.

"ग्वाड हाय," मला पाहून म्हणाल्या. "तुमच्या गावचं एवढंच ग्वाड."

सुट्टी लागली तेव्हा मास्तरांना दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला लावलं. त्यांनी मला नेलं, शब्द पाळला. आईच्या तेराव्याला.

पायरीशी घागर भरून ठेवलेली होती. मी वाकले, ओंजळभर पाणी घेतलं, दोन्ही पायांना पुसल्यासारखं लावलं आणि वर चढू लागले. पाठीमागून वहिनी हळूच म्हणाली, "अगं ओत की. इथे कोण बघतंय?"

दादा दारातच बसला होता. तो उठला. घागर उचलून आत घेऊन गेला.