दारावरची कडुनिंबाची डहाळी

"ती डहाळी काढा," मी म्हणालो. नामदेव जागचा हलला नाही.

"नाई साहेब. मातेची डहाळी हाये. पोरीच्या अंगावर खपल्या हायेत अजून."

सावली गावाजवळच्या त्या खेड्यात मी समाजशिक्षण संघटक होतो. म्हणजे सरकारच्या विकास ब्लॉकमधला प्रचारक. प्रौढवर्ग, बालवाडी, आरोग्याची व्याख्यानं, सगळं माझ्याकडे. त्यासाठी गावाने श्रमदान करून समाजकेंद्र बांधलं होतं. त्या दिवशी त्याचं उद्घाटन होतं.

नामदेव तळ्यात मासे धरून पोट भरणारा. त्याच्या सात वर्षांच्या मुलीला देवी आल्या होत्या. तिकडे त्याला माता म्हणतात. माता आलेल्या घराच्या दारावर डहाळी लावतात. ती असेतो त्या घरात कोणी जात नाही, घरातलं कोणी बाहेर पडत नाही. मी वाचलेल्या सगळ्या पत्रकांत याला एकच नाव होतं: अंधश्रद्धा.

लस टोचणारा व्हॅक्सिनेटर आधी पाठवा, असं मी ब्लॉकच्या साहेबांना सांगितलं होतं.

"तो बंदोबस्तात लागेल. नंतर पाठवू," साहेब म्हणाले. "वरचे साहेब येताहेत. सेंटर भरलेलं दिसलं पाहिजे. एक घर सुटता कामा नये."

हा हुकूम मला आवडला, हे लपवत नाही. माता कोपत नाही, हे मला गावाला दाखवायचं होतं.

बालवाडी सांभाळणारी काशीबाई मध्ये पडली. तिच्या कडेवर तीन महिन्यांचा मुलगा होता.

"काऊन हट्ट करून राह्यले, भाऊ? पाच-सहा दिस थांबा न. खपल्या गळल्या का तिले न्हाऊ घालतेत. मंग येते ते आपल्या पायानं."

"तुम्हीच असं बोललात तर मुलांना काय शिकवाल?"

"मी शिकवीन ते शिकवीन. तुमाले कोणी शिकवलं?"

लोक हसले. ते हसणं मला झोंबलं. मी डहाळी ओरबाडून काढली, मुलीला चादरीत गुंडाळून उचललं आणि केंद्राकडे चालू लागलो. नामदेवने अडवलं नाही. सरकारला कोण अडवतो?

केंद्रात मुलगी घाबरून रडू लागली. काशीबाईने तिला जवळ ओढलं. एका मांडीवर ती, दुसऱ्या मांडीवर बाळ, भोवती बालवाडीची मुलं. वरच्या साहेबांचं भाषण लांबलं. मी अहवालात लिहिलं, सर्व कुटुंबे हजर.

बारा दिवसांनी बाळाला ताप भरला. मग बालवाडीतल्या चौघांना. व्हॅक्सिनेटर आला तेव्हा बाळाच्या तोंडावर फोडांमुळे बोट ठेवायला जागा नव्हती.

"रोग खपल्यांतही असतो," तो म्हणाला. "शेवटची गळेपर्यंत रोग्याला वेगळं ठेवायचं. आमच्या नियमांत लिहिलेलंच आहे. या लोकांनी ठेवलंही होतं. बाहेर कोणी काढलं?"

"मी."

त्याने सुई दिव्यावर धरली आणि पुढच्या माणसाला दंड उघडा करायला सांगितलं.

काशीबाईचं बाळ त्यानंतर पाचव्या दिवशी गेलं. बाकीचे चौघे वाचले. त्यातल्या एकाचा डोळा गेला.

घडलं ते सगळं लिहून मी ब्लॉकमध्ये दिलं. साहेबांनी कागद वाचून परत केला.

"अहवाल वर गेलाय. उद्घाटन उत्तम झालं, असा शेरा आलाय. आता हे कुठे लावू?"

केंद्र उघडं असतं. कोणी येत नाही.

रूढीवर तुटून पडण्याआधी ती कोणतं काम करते, हे विचारावं. विचारायला मला फार लांब जावं लागणार नव्हतं. काशीबाई समोर उभी राहून सांगत होती.