फडके न धुता आणा

बाळाने ओकलेले फडके न धुता, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, तुम्ही कधी कुणाला दाखवायला नेले आहे का? आमच्या पेडण्याच्या बाजूला माणसे कितीतरी वर्षे नेत होती. हरमलच्या रस्त्यावर, उतरणीला एक कौलारू घर होते. त्याच्या सोप्यावर सिस्टरबाय बसलेली असायची आणि आल्यागेल्याला एकच विचारायची, "फडका हाडलंस?"

सरकारी आरोग्य केंद्रातली नर्स म्हणून ती निवृत्त झाली, पण माणसांनी तिला निवृत्त होऊ दिले नाही. अंगावर दूध पिणारे बाळ ओकायला लागले की आधी तिच्याकडे. ती कुणाची कहाणी ऐकून घेत नसे. "सांगू नको, दाखव," म्हणायची. "आई म्हणता रगात पडला, सासू म्हणता काय नाय. फडक्याक सासू नाय, ता खरा सांगता." मग ती ते फडके उजेडात धरायची, हुंगायची. पांढरे, फुटल्या दुधासारखे असेल तर हसायची. हिरवे असेल तर हसत नसे, चपला शोधत असे.

माझी ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. तिसऱ्या आठवड्यापासून तिचा मुलगा प्रत्येक दुधानंतर ओकू लागला. शहरातल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी चिठ्ठीवर चार तपासण्या लिहून दिल्या. कशासाठी, ते सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. बाहेर येऊन मात्र मी तापलो. माझे बाबा डिचोलीत खाणीच्या धुळीविरुद्ध पत्रके वाटत आयुष्यभर फिरले. मी अक्षरे शिकलो तीही त्या पत्रकांवर. चार तपासण्यांची चिठ्ठी हातात आली आणि मला तिच्यात आजार दिसलाच नाही, मथळा दिसला.

ताई, बाळ आणि फडक्यांची पिशवी घेऊन मी रिक्षाने सिस्टरबायकडे गेलो. "बघा, लुटायला बसलेत," मी म्हणालो.

"लुटतत काय नाय ता मागीर बघूया. त्या डॉक्टराच्या दाराभायर माणसा कितकी बसलेली?"

"पुष्कळ."

"मगे तो शिकवतलो कधी? ता माझा काम." तिने जुन्या कॅलेंडराचे पान उलटे केले. "टेस्ट म्हणजे प्रश्न रे, पुता. प्रश्न कळल्याबगर उत्तराक कित्याक धावतंस?"

त्या पानावर तिने तपासण्यांची नावे लिहिली आणि प्रत्येकीसमोर तिचा प्रश्न. सोनोग्राफी: पोटातून खाली जाणाऱ्या दाराचे स्नायू जाड झालेत का? पांढरे औषध पाजून काढायचा एक्स-रे: दूध जाते ती वाट कुठे वाकडी, अडलेली आहे का? नाकातून बारीक नळी घालून दिवसभर ठेवायची: आंबट पाणी किती वेळा वर येते? दुर्बीण: अन्ननलिकेला आतून जखम आहे का? मग तिने फडकी पाहिली, अंगणवाडीतल्या वजनाचा कागद पाहिला, बाळ किती वेळा लंगोट भिजवते ते विचारले.

"वजन वाढता, मुतता, फडक्यार पांढरा," ती ताईला म्हणाली. "गो बाय, दुखणा बाळाक नाय, कपडे धुणाऱ्याक आसा. तेव्हा ह्या चारांतला आज काय नको. पाजल्यावर उभा धर. पण ओकारी लांब उडाक लागली, हिरवी इली, रगात दिसला, मूत कमी झाला, वजन अडला, तर एक घटका थांबू नको."

तिचे बोलणे मला इतके आवडले की दुसऱ्याच दिवशी मी पत्रक काढले. पिवळा कागद, वर जाड अक्षरांत: 'ओकणाऱ्या बाळाला तपासण्या नकोत! घाबरू नका!' खाली सिस्टरबायचे बोलणे, 'आज काय नको' पर्यंत. त्यातला 'आज'सुद्धा मी काढून टाकला. पुढचा भाग घेतलाच नाही. पत्रकात 'पण' आला की वाचणारा ढिला पडतो, ही बाबांची शिकवण. शंभर प्रती बसस्टँडवर, बाजारात वाटल्या. काही तेरेखोलच्या फेरीबोटीवर गेल्या, काही डिचोलीच्या नातेवाइकांबरोबर आमोण्याला. एक आमच्या दारामागे चिकटवली.

आठवड्याने बाळाची ओकारी भिंतीपर्यंत उडाली. ताईने मला हाक मारली. "अरे, असा कधी ओकला नव्हता. ती काहीतरी म्हणाली होती ना, लांब उडाली तर?"

"एखाद्या वेळी होतं. तू घाबरतेस म्हणून तो रडतो."

तिने दाराकडे, पत्रकाकडे पाहिले. "होय रे बाबा, तूच लिहिलंयस," म्हणाली आणि फडके धुऊन टाकले. दोन दिवस ती फडकी धूत राहिली. घाबरायचेच नाही तर ठेवायची कुणासाठी? तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आईच्या लक्षात आले की लंगोट कोरडा आहे.

सिस्टरबाय सोप्यावर चहात पाव बुडवत होती. मी रिकाम्या हाताने गेलो. तिने फडके मागितले नाही. माझ्या तोंडाकडे बघून विचारले, "मुतला?"

"रात्रीपासून नाही."

"ओकारी खंय पडता?"

"भिंतीवर."

ती कप तसाच ठेवून उठली. रिक्षात बसता बसता म्हणाली, "सोनोग्राफी. आताच्या आता."

"पण ती तर त्या चिठ्ठीत होतीच!" एवढ्यातही मी वाद घातला.

"त्या दिसा प्रश्न नाय होतो. आज आसा."

मोठ्या हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. पोटाच्या खालच्या दाराचे स्नायू जाड झाले होते, दूध पुढे सरकतच नव्हते. बाळ इतके सुकले होते की आधी सलाइन लावून त्याला सावरावे लागले, मग छोटे ऑपरेशन. तोवर आम्ही बाकावर. ताई बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. सिस्टरबायने पर्समधून माझे पिवळे पत्रक काढले. कुणीतरी तिला नेऊन दिले होते.

ती ओरडली असती तर बरे झाले असते. तिच्यात तेवढे त्राण नव्हते. "अर्धाच बोलणा छापलंस," ती म्हणाली. "रवलेला अर्धा कोण छापतलो?" मग पत्रकाची घडी घालत म्हणाली, "तुझो राग खोटो नाय रे. पण रागान बाळ बरा होणा नाय."

बाळ वाचले. आता शाळेत जाते, पोटावरचा व्रण मित्रांना कौतुकाने दाखवते. मी दुकानादुकानांतून पत्रके गोळा करत फिरलो. निम्मीसुद्धा मिळाली नाहीत. एका काकीने तर आपली प्रत लॅमिनेट करून ठेवली होती. "चांगलं लिहिलंयस," म्हणाली.

पुढे सिस्टरबायचे डोळे गेले. मी शेवटचा भेटलो त्या दिवशी हरमलची एक मुलगी पिशवी घेऊन आली होती. सिस्टरबायने फडके नाकाजवळ धरले, मग माझ्यापुढे केले. "रंग सांग."

"पांढरा."

"वताक नेऊन बघ."

मी उन्हात नेले, दोन्ही बाजूंनी पाहिले. "पांढराच."

"मगे तिका सगळा सांग. शेवटपर्यंत सांग."

मी शेवटपर्यंत सांगितले. सिस्टरबाय ओठ हलवत ऐकत होती, एखादी ओळ सुटते का ते. यंदा ती गेली. सोपा रिकामा आहे.

माझी ती पिवळी पत्रके अजून कुठेतरी आहेत. तुमच्या कपाटात, दारामागे, एखाद्या बाळंतिणीच्या उशाला. सापडले तर फाडू नका. पेन घ्या आणि मथळ्यातल्या 'नकोत' पुढे लिहा: 'बाळ वाढत असेल, मुतत असेल, तोवर.' खाली लिहा: 'पण ओकारी लांब उडाली, हिरवी आली, रक्त दिसले, मूत कमी झाले, वजन अडले, तर एक घटका थांबू नका. डॉक्टर तपासणी सांगतील, तेव्हा तिचा प्रश्न कोणता ते विचारा.' मग तो कागद ज्या घरात बाळ आहे तिथे नेऊन द्या. आणि त्या घरातल्यांना सांगा, नर्सला, डॉक्टरला दाखवल्याशिवाय फडके धुऊ नका.